तीन दिवसांचं गाव

कोंबडा पडवीच्या कौलांवर जाऊन बसला होता आणि माझे सासरे, दाजी, अंगणात उभे राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"खाली ये रे मेल्या! तुझ्यापायी आख्खो गाव वेशीर खोळंबलो हा."

"दाजी, मी चढू का?"

"नको गो बाय. तू घाटीण, तुका डोंगर चढाक येतत. कौलां फुटतली माझी."

गावपळणीच्या दिवशी मांडवखोलात एकही जीव मागे राहून चालत नाही. दर तीन-चार वर्षांनी, देव सांगेल तेव्हा, सगळं गाव चुली विझवतं, दारांना कड्या घालतं आणि गुरं-वासरं, कुत्री-मांजरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतं. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या घालून तीन दिवस राहायचं. तो सडा रवळनाथाचा, देवस्थानच्या मालकीचा. एरवी तिथे कुणी खुंटीसुद्धा ठोकत नाही. त्या तीन दिवसांत मात्र देव खाली गावात राहायला येतो आणि माणसं वर त्याच्या जागेत. मग कौल घ्यायचा. देवानं हो म्हटलं तर परत घरी, नाही म्हटलं तर आणखी एक दिवस बाहेर.

लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मी खो खो हसले होते. मी गगनबावड्याकडची. दिगू मासळीचा टेंपो घेऊन आमच्या बाजाराला यायचा. एक दिवस मासळी तिथेच ठेवून त्याच बर्फावर त्यानं मला घालून आणलं, असं आमच्या चुलत सासूबाई आनंदीकाकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पहिल्या गावपळणीला मी सहलीला निघाल्यासारखी निघाले होते. ही दुसरी. या खेपेला मला हसू येत नव्हतं, कारण मला परत यायचंच नव्हतं.

आदल्या मे महिन्यातल्या वादळात दर्यानं आमची मागची पडवी नेली होती. त्याआधी माडांची एक ओळ. त्याआधी, म्हणे, आणखी एक. ती मी पाहिलेलीच नाही. विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं, चहा केला तरी जिभेला मीठ लागे. सरकारनं घातलेला दगडांचा बंधारा दोन पावसाळ्यांत वाळूत रुतला. तालुक्याहून एक साहेब नकाशा घेऊन आले. आमची घरं जिथे होती तिथे त्यात निळा रंग भरलेला होता. साहेब म्हणाले, सगळ्या गावानं मिळून वर सरकायचं ठरवलं तर मदत होईल, जागा तेवढी तुम्ही दाखवा. जागा म्हणजे सडा, दुसरी होतीच कुठे? आणि सडा तर देवाचा. दाजींनी नकाशाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "कागदावरचो दर्यो ऱ्हवतलो थंयच. आमचो दर्यो येता तसो जाता."

दाजी गावचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी नाही म्हटलं की गाव पुढे बोलत नसे. मग दिगूनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं. कोल्हापुरात एका गॅरेजात काम बघून आला. गावपळण संपली की सामान बांधायचं. आमच्यासारखी आणखी दहा-बारा घरं पाय उचलूनच होती. ती गेली असती तर मागे म्हातारी माणसं उरली असती आणि दर्या. मला त्या घरात राहायची भीती वाटत होती, आणि दाजींना तिथे एकटं टाकून जायची त्याहून जास्त. माहेर सोडून आलेल्या मुलीला जो माणूस रोज संध्याकाळी "जेवलंस काय?" विचारतो, त्याला सोडणं सोपं नसतं.

शेवटी दाजींनी कोंबड्याला शिव्या देणं थांबवलं, तळहातावर तांदूळ घेतले आणि आवाज मऊ केला. "ये रे बाबा. तीन दिसांचो तर प्रश्न आसा." कोंबडा उतरला. त्याला काखोटीला मारून ते तुळशीपाशी थांबले. ती तुळस सासूबाईंनी लावलेली. त्या याच घरात गेल्या. दाजींनी बंद दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "येतंव हां."

घरात कुणी नव्हतं. तरी ते उत्तराची वाट पाहिल्यासारखे क्षणभर उभे राहिले.

सड्यावर गेल्यावर गाव बदलून जातं. खाली वईवरून, म्हणजे कुंपणावरून, भांडणारे इथे एका चुलीवर जेवतात. कुणाची झोपडी मोठी नाही, कुणाची लहान नाही. बायका फुगड्या घालतात, पुरुष पत्ते कुटतात. मला तर तिथे माहेरी आल्यासारखं वाटायचं. पायाखाली हलत नाही अशी जमीन, चहूकडे मोकळं आभाळ. गावातली माणसं मात्र बोलता बोलता मान वळवून दर्या जागेवर आहे ना ते बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या झाल्यावर मी झोपडीमागे जांभ्याचे खडे गोळा करून मांडायला घेतले. काही ठरवून नव्हे. वैजूला, माझ्या मुलीला, मांडीवर घेऊन बसले होते आणि हात रिकामा होता. एक खोली झाली. मग दुसरी. मग पडवी.

आनंदीकाकी पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. "गो हौसा, ह्या काय मांडलंस?"

"घर."

"आणि मोरी? मोरीचा पाणी काय माझ्या दारात सोडतंस?"

"तुमचं दार कुठाय?"

काकींनी पदर खोचला, चार खडे उचलले आणि माझ्या घराशेजारी आपलं घर मांडलं. त्यांच्या खऱ्या घराची अर्धी भिंत तेव्हा वाळूत पडलेली होती. मग त्यांची सून आली. मग शेजारची शेवंती आली. बघता बघता सगळ्या बायका कातळावर ओणव्या. कुणी म्हणे मांगर जवळ नको, शेणाचा वास येतो. कुणी म्हणे उत्तरेला, वाऱ्याच्या बाजूनं, काजूची झाडं लावू. मी म्हटलं, "इथं पाणी कुठनं आणायचं?"

"चिरे खंयसून काढतलंस घराक?" काकींनी उलट विचारलं.

"हितनंच. पायाखाली आहेत की."

"मगे खाण पडतली. माझ्या म्हायाराक चिरेखाणीत पावसाचा पाणी शिमग्यापर्यंत ऱ्हवता. घरां वर, पाणी मधी. सगळ्यांची एकच तळी."

"आणि वीज?"

"ऊन काय कमी आसा? घराघरार सोलर लावया. बिल कोणाक येणा नाय." यावर सगळ्या हसल्या, पण काकींनी मधोमध खड्यांचं मोठं वर्तुळ केलं आणि त्यात कळशी उपडी करून पाणी ओतलं. कातळानं ते पाणी लगेच प्यायलं नाही. आम्ही सगळ्या हसायच्या थांबून त्या पाण्याकडे बघत राहिलो. मला तेव्हा ते फार हवंहवंसं वाटलं. खेळच होता, पण त्या खेळातल्या घरात दर्या येत नव्हता.

दाजी विडी ओढत आले. बायका पदर सावरून बाजूला झाल्या. दाजी मांडलेल्या घरांमधून, भिंत न ओलांडता, वळसे घालून चालत माझ्यापर्यंत आले.

"ह्या कोणाचा?"

"आपलं," मी म्हटलं.

"दार खंय?"

"हे काय, उगवतीला. आमच्याकडं तसंच असतं."

त्यांनी वाकून दाराचे दोन खडे उचलले, मावळतीच्या भिंतीत जागा केली आणि तिथे ठेवले. "दर्याकडे पाठ करून माणूस निजता काय?" मग बायका बघतायत हे ध्यानात येऊन आवाज चढवला. "आणि जागो देवाचो हा, इसरा नकात. खेळान झाला की फातर उचला."

मला राग आला. खेळातसुद्धा या माणसाचा दर्या सुटत नाही, असं मी मनात म्हटलं. खडे मात्र कुणी उचलले नाहीत.

दुपारी बाप-लेकाचं वाजलं. वाजलं म्हणजे दिगूच बोलला.

"बाबा, परवा खाली गेलंव की मी सामान बांधतंय."

"बांध."

"आणि तुमी?"

"माझा काय सामान आसा?" असं म्हणून दाजी उठले आणि सड्याच्या कडेला जाऊन बसले.

ऊन कलताना मी चहा घेऊन गेले. तिथून गाव पुरतं दिसतं. माडांत अडकलेली लाल कौलं, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मध्ये हाताच्या पंजाएवढी वाळू. एकाही घरातून धूर नव्हता. कुत्रं भुंकत नव्हतं. आमच्या अंगणात काहीतरी हललं.

"कोल्हो," दाजी म्हणाले. "बघ कसो फिरता. जसो काय घरपट्टी तोच भरता."

मी हसले. तेही हसले.

"आमी नसलंव म्हणान गावाक काय्येक कमी पडणा नाय गो हौसा. आमकाच पडता."

मला राहवलं नाही. "दाजी, तुम्ही हितं एकटं बसणार, आणि मी तिकडं कोल्हापुरात बसून भाकरी गिळायची? माझ्या घशाखाली उतरंल व्हय ती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुझ्या सासूक दर्याची गाज नसली तर झोप येय नाय. म्हायाराक गेली तरी दुसऱ्या दिसा परत. म्हणायची, थंय रात मुकी आसता."

"हितंबी येती की गाज. ऐका."

वारा पडला होता. खालून, खूप खालून, दर्याचा आवाज येत होता. कुणी दुसऱ्या खोलीत झोपेत श्वास घ्यावा तेवढाच. दाजींनी मान कलती करून तो ऐकला.

"येता," ते म्हणाले. "पण लांबसून."

चहा निवून गेला तरी त्यांनी तो प्यायला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सगळं गाव वेशीवरच्या देवळीपुढे जमलं. गाठोडी बांधलेली, गुरं सोडलेली, कोंबड्या टोपलीखाली. देवळीत रवळनाथाचा काळा पाषाण. गुरवानं पाषाणाला पाणी लावलं आणि दोन्ही बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. दिगूचं सगळं लक्ष खालच्या वाटेकडे होतं.

दाजी पुढे झाले, हात जोडले आणि ठरलेलं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, तीन दीस गाव तुझ्या ताब्यात दिलो, तुझ्या जाग्यार आमी सुखान ऱ्हवलंव..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

यापुढचं वाक्य प्रत्येकाला पाठ होतं. 'आता आमका आमच्या घरात परत घे.' दाजी ते म्हणेनात. गुरवानं वर पाहिलं. म्हातारा शब्द विसरला असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं हळूच सांगितलंही, "आता आमका..."

दाजींनी हातानंच त्याला थांबवलं.

"म्हाराजा, आजवर गाव आमचो आणि सडो तुझो. मधीमधी तीन दीस अदलाबदल. आता दर्यो गाव मागता. आमी भांडलंव, फातर घातले. तो ऐकणा नाय. उद्या तो आमचा घर घेतलो, परवा माझी माणसां वाट फुटात थंय जातली. म्हणान इचारतंय. गाव तू घे, कायमचो. सडो आमका दी. आणि तू आमच्यावांगडा वर ऱ्हव. मर्जी आसा काय, म्हाराजा?"

'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. मी दिगूकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावरचं गाठोडं घसरून खाली आलं होतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

गाऱ्हाण्यात बायकांनी बोलायची रीत नाही. पण आनंदीकाकींना रीत कधी आडवी आली नव्हती. त्या पदर खोचून मोठ्यानं म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

मग शेवंती म्हणाली. मग मी. मग सगळं गाव म्हणालं.

पाकळ्या पडल्या नाहीत.

आम्ही उभे होतो ते बसलो. ऊन देवळीच्या पायरीवर चढलं. शेळ्या ओरडायला लागल्या. पाठीमागून कुणीतरी पुटपुटलं, देवाच्या मनात नाही, उगाच भलतं विचारलं. दाजी पाषाणासमोर मांडी घालून बसले होते. बऱ्याच वेळानं ते बोलले, पण गाऱ्हाण्याच्या चढ्या सुरात नाही. होडीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"तुका राग इलो काय? गाव सोडूक माका तरी खंय व्हया? माझी बायल गेली थंय. माझा सगळा थंय आसा." ते थांबले, नाक पुसलं. "तर आसा कर. आजपर्यंत वर्सां आमची आणि तीन दीस तुझे. आता वर्सां सगळी तू घे. आमका तीन दीस दी. तू सांगशीत तेवा खाली येतलंव. तुळशीकडे दिवो लावतलंव, गाज ऐकतलंव आणि परत वर. इतक्याच मागतंय."

उजवी पाकळी सुटली आणि पायरीवर पडली.

ऊन चढलं होतं. पाकळी वाळली की सुटते, एवढं मलाही कळतं. मी काही भाबडी नाही. पण डावीही तेवढ्याच उन्हात होती आणि ती पडली नाही. आनंदीकाकी रडत होत्या. दिगू जाऊन बापाच्या पायांशी बसला. दाजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उठ. सामान बांधूचा हा ना तुका? बांध. पण वर घेवन ये."

मला त्या क्षणी खड्याच्या दाराची आठवण झाली. दोन दिवसांपूर्वी या माणसानं मला हवं तेच घर स्वतःच्या हातानं पक्कं केलं होतं आणि मी त्याच्यावर रागावले होते.

गाव काही एका दिवसात हललं नाही. कागदपत्रं झाली, भांडणं झाली, कुणाची मोरी कुणाच्या दारात यावरून खरोखरच झाली. आधी खाणीतून चिरे निघाले, मग घरं उभी राहिली आणि पहिल्या पावसाळ्यात खाणीत पाणी साठलं. पाऊस उघडल्यावरही ते टिकून होतं तेव्हा काकींनी तळीची ओटी भरली. कौलांवर सोलर आले. उत्तरेला काजी लागल्या. देवाचा पाषाण वाजतगाजत वर आला. खालचं गाव सोडताना दाजींनी पुन्हा सगळ्यांना कामाला जुंपलं. देवाला द्यायची वस्तू घाण कशी द्यायची? पत्रे, प्लॅस्टिक, तुटकी जाळी, सगळं वेचून काढलं. खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून आम्ही बायकांनी कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं लावली. आज तिथे वाट काढून चालावं लागतं एवढी झाडी झाली आहे, आणि खाडीपलीकडची शेतं त्या कांदळानं राखली आहेत. होड्या खालीच राहिल्या. पुरुष उतरतात, मासे मारतात, वर येतात. पण चूल खाली पेटत नाही आणि पाठ टेकायला कुणी थांबत नाही. शब्द म्हणजे शब्द.

फक्त गावपळणीचे तीन दिवस आम्ही खाली जातो. गुरंढोरं, कोंबड्या, सगळ्यांसकट. आता कोंबड्यांना वरचंच घर वाटतं, त्यांना खाली न्यायला शिव्या द्याव्या लागतात.

दाजी दोनदा आले. दुसऱ्या वेळी त्यांना डोलीत घालून आणलं होतं. छप्पर कधीच गेलं होतं, पण जोतं होतं, तुळस होती. तीन दिवस ते जोत्यावर अंथरूण टाकून गाज ऐकत पडून राहिले. निघायच्या दिवशी मला वाटलं, आता म्हातारा उठायचा नाही. मी तळहातावर तांदूळ घेतल्यासारखा आवाज मऊ केला आणि म्हटलं, "चला दाजी."

"चल," ते म्हणाले. "देवाचो येळ झालो." आणि वळून, नसलेल्या दाराकडे बघून, "येतंव हां."

यंदा आम्ही गेलो तेव्हा जोतं नव्हतं. ओहोटीलासुद्धा तिथे गुडघाभर पाणी होतं. उरलेल्या वाळूवर झावळ्या टाकून आम्ही तीन दिवस काढले. वैजू तिच्या मुलीला सांगत होती, इथे तुळस होती, इथे आजीची चूल. ती पोर पाण्याकडे बघून म्हणत होती, कुठे? पुढच्या गावपळणीला ही वाळूही असेल की नाही, ठाऊक नाही. मग देवाशी पुन्हा बोलावं लागेल. बोलणारे दाजी आता नाहीत.

निघताना मी साडी वर धरून पाण्यात गेले आणि जिथे दार असायचं तिथे उभी राहिले. मी डोंगरातली, या दर्याला भिऊन वर पळालेली. एवढी वर्षं वर सुखात राहिले, आणि तरी त्या पाण्यात उभी राहून मला हुंदका आवरेना.

"येते हां," मी म्हटलं.

संध्याकाळी वर घरी आले. मावळतीच्या दाराची कडी काढली, ते सताड उघडलं आणि उंबऱ्यावर मागे वळले. समोर दर्या होता.